युद्धकाळातील हवाई तळ : जमिनीचे वाद, इमारतींचा विसर

ओझरच्या आकाशात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी 'तेजस मार्क १ ए' या स्वदेशी लढाऊ विमानाने झेप घेतली आणि नाशिकचे नाव पुन्हा एकदा देशाच्या हवाई नकाशावर ठळक झाले. त्याआधी जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २६ सप्टेंबरला, ज्या मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला, ती विमाने हवाई दलातून निवृत्त झाली होती. एका पर्वाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय असा हा योग होता. नाशिकची हवाई कथा ओझरपासून सुरू होते, असाच समज त्यामुळे दृढ होतो. प्रत्यक्षात ही कथा त्याहून किमान दोन दशके जुनी आहे आणि तिचा आरंभ शहराच्या दुसऱ्या टोकाला, देवळालीच्या लष्करी छावणीत, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत झाला.

या जुन्या अध्यायाची आज आठवण काढण्याचे कारण केवळ स्मरणरंजन नाही. महायुद्धाच्या काळात महाराष्ट्रात आणि लगतच्या भागात जे हवाई तळ उभारले किंवा वाढवले गेले, त्यांच्या जमिनींवरून आजही आंदोलने होतात, न्यायालयात खटले उभे राहतात, विमानतळांचे विस्तार आखले जातात. त्या जमिनींवर उभ्या असलेल्या बराकी, हँगर, नियंत्रण मनोरे, दारूगोळ्याच्या कोठ्या यांची मात्र कुणी साधी यादीही केलेली दिसत नाही. जमिनीला किंमत आहे, म्हणून तिचे दावेदार अनेक आहेत. इमारतींना किंमत नाही, म्हणून त्यांना वाली नाही. या दोन गोष्टी एकमेकींशी किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते.

तोफखान्याचे डोळे

देवळालीची छावणी १८६१ पासूनची. विलायतेला परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांना मुंबईहून जहाज मिळेपर्यंत येथे ठेवले जाई. उकाडा, कंटाळा आणि हिवतापाने बेजार झालेल्या त्या शिपायांमुळे 'देवळाली टॅप' हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. महायुद्धाच्या काळात या छावणीचे स्वरूप पालटले. युरोपातील युद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानात अडकलेल्या जर्मन नागरिकांना येथे काही काळ स्थानबद्ध करण्यात आले. तिबेटमधील सात वर्षांच्या वास्तव्यामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हाही अहमदनगर, देवळाली आणि देहरादून अशा क्रमाने कैदेत होता. याच सुमारास तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय काकूलहून देवळालीला आले आणि देवळालीचा माळ तोफांच्या सरावाचे मैदान बनला.

तोफखान्यापाठोपाठ विमाने आली, हा क्रम स्वाभाविक होता. टेकडीआड असलेल्या लक्ष्यावर गोळा नेमका पडला की नाही, हे तोफेजवळ उभ्या असलेल्या गोलंदाजाला दिसत नाही. त्यासाठी उंचावरून पाहणारा डोळा लागतो. ब्रिटिश सैन्याने यासाठी हवाई निरीक्षणाच्या खास तुकड्या उभारल्या. त्यांतील विमाने आणि यंत्रज्ञ हवाई दलाचे, पण वैमानिक मात्र तोफखान्याचे अधिकारी, अशी त्यांची विलक्षण रचना होती. 'ऑस्टर' नावाची त्यांची छोटी, उंच पंखांची विमाने कुठल्याही सपाट माळावरून उडू शकत. अशीच ६५६ क्रमांकाची तुकडी १९४३ मध्ये मुंबईत उतरली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाण्यापूर्वी तिची तयारी देवळालीत झाली आणि पुढे चौदाव्या सैन्याच्या तोफांना तिने डोळे पुरवले. फाळणीत या तुकड्यांची वाटणी झाली आणि स्वतंत्र भारताच्या वाट्याला आलेल्या विमानांनी १९४७ च्या काश्मीर युद्धातच आपली उपयुक्तता सिद्ध केली.

या परंपरेतूनच १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूदलाची स्वतंत्र हवाई शाखा, आर्मी एव्हिएशन कोअर, अस्तित्वात आली. नाशिक रोडच्या गांधीनगर परिसरात २००३ मध्ये या शाखेचे लढाऊ वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक या शाखेतील पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या, तो दीक्षान्त सोहळा नाशिकचाच. गांधीनगरवरून रोज घरघरत जाणारी हेलिकॉप्टरे नाशिककरांच्या अंगवळणी पडली आहेत. त्या घरघरीचे मूळ ऐंशी वर्षांपूर्वीच्या ऑस्टर विमानांत आहे, हे मात्र शहराच्या कुठल्याही वारसायात्रेत सांगितले जात नाही. पांडवलेणी, काळाराम मंदिर, सरकारवाडा येथे नाशिकच्या वारशाची कल्पना थांबते. विटांच्या लांबट बराकीला त्यात स्थान नाही.

मुद्दामच तकलादू

यामागे एक कारण या इमारतींच्या जन्मातच दडलेले आहे. जपानने १९४२ च्या पूर्वार्धात सिंगापूर आणि रंगून घेतल्यावर हिंदुस्थानच्या संरक्षणाची सारी गणिते कोलमडली. तोवर हवाई तळांची मांडणी वायव्य सरहद्दीकडे तोंड करून होती. आता शत्रू पूर्वेकडून येत होता. मग दोनशेहून अधिक हवाई तळ उभारण्याचा प्रचंड कार्यक्रम हाती घेण्यात आला. आघाडीवरचे तळ आसाम, बंगाल, मणिपुरात झाले. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातील तळांकडे पिछाडीचे काम आले. बंदरावर उतरलेली विमाने जोडणे, वैमानिकांना सराव देणे, दुरुस्ती करणे आणि मुंबईचे रक्षण करणे, अशी ही कामे होती.

हे सारे वेळेशी स्पर्धा करत उभे राहिले. सिमेंट आणि पोलाद यांचा तुटवडा होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर डांबरात भिजवलेले तागाचे कापड अंथरून धावपट्ट्या तयार केल्या गेल्या, तर कोठे छिद्रे पाडलेल्या लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवून मातीवर पसरल्या गेल्या. हँगर सुट्या पोलादी भागांचे होते. 'बेलमन' पद्धतीचे हँगर तर एका तळावरून उकलून दुसऱ्या तळावर नेऊन पुन्हा बोल्ट कसून उभे करता येत. अर्धगोल पत्र्याच्या 'निसन' झोपड्या, कमी जाडीच्या विटांच्या भिंती, वर कौले, नालीदार पत्रा किंवा अ‍ॅस्बेस्टॉस, असा हा सारा संसार होता. युद्ध संपेपर्यंत टिकले म्हणजे पुरे, हेच त्या बांधकामाचे माप होते.

अशी इमारत जतन करणे दगडी वाड्यापेक्षा अवघड असते. वाड्याच्या भिंती छप्पर गेल्यावरही शंभर वर्षे उभ्या राहतात. बराकीचा पत्रा एकदा भंगारात गेला की कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या दोन-चार पावसाळ्यांत भिंतीची माती होते. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आरोग्याला घातक असल्याने ते काढणेही आवश्यक ठरते. शिवाय एकमजली बराक पुष्कळ जागा अडवते. लष्कराने २००२ पासून विवाहित सैनिकांसाठी मोठ्या प्रमाणावर बहुमजली निवासस्थाने बांधण्याचा प्रकल्प हाती घेतला. सैनिकाच्या कुटुंबाला नीट घर मिळायला हवे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र देशभरच्या छावण्यांत जुन्या बराकी पाडताना त्यांचे नकाशे आणि छायाचित्रे जपण्याचे बंधन त्या कार्यक्रमात कुठेच नव्हते.

तीन वाटा

महाराष्ट्रातील आणि लगतच्या मराठी मुलखातील हवाई तळांचे युद्धोत्तर आयुष्य पाहिले तर ढोबळमानाने तीन वाटा दिसतात.

पहिली वाट मुलकी वापराची. मुंबईचे सांताक्रूझ हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण. युद्धकाळात येथे ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या होत्या. १९४६ च्या सुमारास तळ मुलकी विमान खात्याकडे येऊ लागला तेव्हा प्रवाशांसाठी इमारतच नव्हती. तेव्हा हवाई दलाने सोडलेल्या दोन हँगरमध्ये प्रवासी स्थानक थाटण्यात आले. एका हँगरात देशांतर्गत प्रवासी, दुसऱ्यात परदेशी. सीमाशुल्काची आणि पारपत्र तपासणीची टेबले दोन्ही बाजूंना आणि मध्ये बसण्याची जागा. स्वतंत्र भारताचे हवाई प्रवेशद्वार अशा उसन्या पत्र्याखाली सुरू झाले आणि नवे स्थानक तयार होईपर्यंत, म्हणजे १९५८ पर्यंत, विमानतळाचा भार त्याच भागाने वाहिला. नागपूरच्या सोनेगाव तळाचा आरंभ तर पहिल्या महायुद्धातला, १९१७-१८ चा. दुसऱ्या महायुद्धात तेथील जुन्या इमारतींची डागडुजी करून तो वाटेतला मुक्कामाचा तळ म्हणून वापरला गेला. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा चार महानगरांची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करू लागली. तेथे प्रवाशांसाठी नवी इमारत १९५३ मध्ये आली. गोंदियाजवळच्या बिरसीचा तळ १९४० चा. सार्वजनिक बांधकाम खाते, औद्योगिक विकास महामंडळ आणि विमानतळ प्राधिकरण असे हात बदलत तो आज वैमानिक प्रशिक्षणासाठी ओळखला जातो. या वाटेवर तळ जगतो, वाढतो, पण युद्धकाळाच्या खुणा विस्ताराच्या प्रत्येक टप्प्यात पुसल्या जातात.

दुसरी वाट अखंड लष्करी वापराची. मुंबईच्या संरक्षणासाठी १९३९ मध्ये सुरू झालेला पुण्याचा लोहगाव तळ आज भारतीय हवाई दलाचा महत्त्वाचा तळ आहे आणि पुणेकरांचे नागरी विमानतळही त्याच धावपट्टीवर अवलंबून आहे. बेळगावजवळ सांबरा येथे १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने उभारलेल्या तळावर आज हवाई सैनिकांचे प्रशिक्षण विद्यालय आहे. देवळाली आणि नाशिक रोड यांची गणना याच वाटेवर करावी लागेल. येथे जुन्या इमारती टिकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, कारण वापरातल्या छपराची दरवर्षी दुरुस्ती होते, भिंतींना चुना लागतो आणि कुंपणामुळे अतिक्रमण होत नाही. मात्र हेच कुंपण अभ्यासकालाही बाहेर ठेवते. सुरक्षेचा प्रश्न असल्याने ते समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा की, आत काय उभे आहे आणि कधी पाडले, हे बाहेरच्या समाजाला कळतच नाही.

तिसरी वाट अधांतरीपणाची. ती सर्वांत वेदनादायक आहे आणि तिच्यापासून शिकण्यासारखेही सर्वांत जास्त आहे. तिचे नाव नेवाळी.

नेवाळीचा धडा

कल्याणहून हाजीमलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अंबरनाथ तालुक्यात, नेवाळी हे गाव आहे. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ ब्रिटिशांनी प्रचंड लष्करी तळ उभारला. त्याचे दोन भाग दोन वेगळ्या वाटांनी गेले. सैनिकांच्या मुक्कामाच्या भागात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना बराकींमध्ये वसवण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. कॅम्प क्रमांक एक ते पाच ही तिथली नावे आजही युद्धकालीन छावणीची साक्ष देतात. देवळालीच्या छावणीतही निर्वासितांना असाच आसरा मिळाला होता. उल्हासनगरात बराकीची खोली वाढली, तिच्यावर मजले चढले, दुकाने आली. इमारत बदलली, पण तिला माणसे मिळाली.

दुसरा भाग नेवाळीच्या धावपट्टीचा. तिच्यासाठी परिसरातील सतरा-अठरा गावांची सोळाशे एकरांहून अधिक जमीन घेण्यात आली. ही जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपताच परत देण्याचे आश्वासन होते, असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जमीन संरक्षण खात्याची असल्याची सरकारची भूमिका आहे. स्वातंत्र्यानंतर तेथे ना नियमित विमाने उतरली, ना जमीन परत मिळाली. शेतकरी तिथे भात पिकवत राहिले. २०१७ मध्ये नौदलाने जागेभोवती भिंत घालण्याचे काम हाती घेतल्यावर हा सुप्त वाद भडकला. २२ जून २०१७ रोजी आंदोलनाला हिंसक वळण लागले. रस्ते अडवले गेले, पोलिसांची वाहने पेटवली गेली, पोलिसांनी छऱ्यांचा मारा केला, आंदोलक आणि पोलीस दोघेही जखमी झाले. पेरणीच्या तोंडावर, पाऊणशे वर्षांपूर्वीच्या युद्धाचा हिशेब ठाण्याच्या रस्त्यावर मागितला गेला.

या वादाचा गाभा समजण्यासाठी दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो : अधिग्रहण आणि संपादन. युद्धकाळात भारत संरक्षण कायदा, १९३९ आणि त्याखालील नियम ७५-अ यांनुसार सरकार कोणतीही स्थावर मालमत्ता अधिग्रहित करू शकत असे. अधिग्रहणात ताबा सरकारचा, पण मालकी मूळ मालकाचीच राहते आणि मोबदला भाड्यासारखा असतो. संपादनात मात्र मालकीच सरकारकडे जाते. युद्ध संपल्यावर अधिग्रहित जमिनींवरील ताबा टिकवण्यासाठी १९४७ मध्ये वेगळा कायदा आला. नंतर १९५२ च्या कायद्याने हा विषय हाती घेतला. मालमत्ता परत करताना ती सामान्य झीज वगळता घेतली त्याच स्थितीत द्यावी, असे हा कायदा सांगतो. त्याखालील अधिग्रहणांची मुदत वाढत वाढत अखेर १९८७ मध्ये संपली. म्हणजे कोणत्याही युद्धकालीन तळाबाबत पहिला प्रश्न असा : जमीन अधिग्रहित होती की संपादित? कोणता गट क्रमांक कोणत्या तारखेला कोणत्या आदेशाने गेला? मोबदला भाडे म्हणून दिला की किंमत म्हणून? सातबाऱ्यावर फेरफार केव्हा झाला?

या प्रश्नांची उत्तरे कागदात असतात आणि कागद हरवतात, फाटतात, परस्परविरोधी निघतात. अशा वेळी जमिनीवर उभ्या असलेल्या वास्तू साक्षीदार ठरतात. धावपट्टी नेमकी कुठून कुठवर होती, विमाने लपवण्याचे मातीचे बांध कोणत्या शेतात होते, दारूगोळ्याची कोठी गावापासून किती दूर होती, कोणता भाग प्रत्यक्ष बांधकामाखाली गेला आणि कोणता नुसता कागदावर तळाच्या हद्दीत राहिला, हे पायाच्या रेषा सांगतात. युद्धकाळातील हवाई छायाचित्रे आणि भूमापन नकाशे त्यांच्याशी ताडून पाहता येतात. जुनी बराक ढासळली की केवळ वारशाचा तुकडा जात नाही, एक पुरावा जातो. तो शेतकऱ्याच्या बाजूचा असेल किंवा सरकारच्या. तो नष्ट होण्यात न्यायाचे हित नाही, एवढे नक्की.

उलट बाजूचे उदाहरण पंजाबातले आहे. फिरोजपूर जिल्ह्यातील फत्तूवाला येथील धावपट्टीची जमीन ब्रिटिश काळात संपादित झाली होती आणि पुढे १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत तिचा वापर झाला. ही लष्करी जमीन १९९७ मध्ये बनावट दस्तांच्या आधारे खासगी व्यक्तींना विकली गेल्याचा आरोप आहे. उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर २०२५ मध्ये या प्रकरणी गुन्हा नोंदवला गेला. अभिलेखांकडे दुर्लक्ष झाले की नेवाळीत शेतकरी अडकतो आणि फत्तूवाल्यात देशाचे संरक्षण. रोग एकच आहे.

कायद्याची मोजपट्टी

मग या इमारतींना कायद्याचे संरक्षण का मिळत नाही? प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंचा विचार करतो. त्या मोजपट्टीने १९४२ ची बराक २०४२ पर्यंत पात्रच ठरत नाही आणि तोवर ती उभी राहील याची शाश्वती कुणी देऊ शकत नाही. नगरनियोजनाच्या नियमांत वयाची अशी अट नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची यादी आहे आणि राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा-जतनाची तरतूद आहे. पण पालिकेची नियमावली संरक्षण खात्याच्या कुंपणापाशी थांबते. कुंपणाच्या आतला कारभार केंद्राचा.

केंद्राने या दिशेने एक मोठे काम नुकतेच केले आहे. संरक्षण खात्याच्या सुमारे १७.७८ लाख एकर जमिनीची मोजणी पूर्ण झाल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. त्यासाठी उपग्रह प्रतिमा, ड्रोन आणि आधुनिक मोजणी यंत्रे वापरली गेली. स्वातंत्र्यानंतर एवढ्या व्याप्तीची ही पहिलीच मोजणी. तिचा हेतू सीमा निश्चित करणे आणि अतिक्रमण शोधणे हा होता, आणि तो योग्यच होता. मात्र जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर मोजणीदार पोहोचत असताना त्याच फेरीत पन्नास-साठ वर्षांहून जुन्या इमारतींची नोंद, छायाचित्र आणि सद्यःस्थिती टिपली गेली असती, तर फारसा जादा खर्च न होता देशाला एक मौल्यवान दस्तऐवज मिळाला असता. ती संधी हुकली, पण कायमची नाही. मोजणीचा पाया तयार आहे, त्यावर इमारतींचा थर चढवता येईल.

देवळालीच्या बाबतीत तर याला निकड आहे. महाराष्ट्रातील सात कॅन्टोन्मेंटपैकी देवळाली एक. छावण्यांतील नागरी भाग वेगळा काढून लगतच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना जोडण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले असून, २०२३ मध्ये हिमाचलातील योल छावणीपासून त्याची सुरुवात झाली. रहिवाशांच्या दृष्टीने या धोरणाचे लाभ उघड आहेत. बांधकाम परवानगी, राज्याच्या योजना, पायाभूत सुविधा यांचा मार्ग त्यामुळे मोकळा होतो. पण छावणीच्या कडक नियमांमुळेच आजवर जे कौलारू बंगले आणि लांबट बराकी टिकल्या, त्यांच्यावरचा पहारा उठताच पहिला प्रश्न चटईक्षेत्राचा येईल. त्यात सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. रस्ते रुंद होत आहेत, ओझरच्या विमानतळावरचा ताण वाढणार आहे, शहराच्या चारी दिशांना जमिनीचे भाव चढे आहेत. हस्तांतरानंतर यादी करू म्हणणे म्हणजे पंगत उठल्यावर पाने मांडण्यासारखे आहे.

परदेशांत काय झाले?

युद्धकालीन हवाई तळांचा प्रश्न भारतापुरता नाही. ब्रिटनमध्ये युद्धानंतर शेकडो तळ ओस पडले. बहुतेक ठिकाणी धावपट्ट्या फोडून त्यांची खडी रस्त्यांना वापरली गेली आणि जमीन पुन्हा नांगराखाली आली. सर्व काही जपायचे, असा हट्ट तेथेही कुणी धरला नाही. नोंद मात्र सर्वांची ठेवली आणि जतनासाठी मोजके तळ निवडले. डक्सफर्डचे जुने हँगर संरक्षित आहेत आणि त्यांत युद्ध संग्रहालय चालते. बायसेस्टरचा बॉम्बर विमानांचा तळ २०१३ मध्ये खासगी संस्थेने घेतला आणि तिथल्या कार्यशाळांत आज जुन्या मोटारी दुरुस्त होतात. इमारतींना काम मिळाले, म्हणून त्या टिकल्या. सिंगापूरने जमिनीची टंचाई असतानाही १९३७ च्या कालांग विमानतळाची इमारत २००८ मध्ये जतनाच्या यादीत घेतली.

या उदाहरणांतून एक व्यवहारी सूत्र निघते. आधी सर्वांची नोंद, मग काहींची निवड आणि निवडलेल्यांना नवे काम. भारतात आपण नेमके उलट करतो. एखादी इमारत पडायला आली की हळहळतो, तिच्यासाठी संग्रहालयाची मागणी करतो आणि बाकीच्या शंभर नोंदीविना जातात.

नाशिकला काय करता येईल

नाशिकपुरते बोलायचे तर सुरुवात अवघड नाही. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात तोफखान्याचे संग्रहालय आहे. हवाई निरीक्षण तुकड्यांचा इतिहास हा तोफखान्याचाच इतिहास असल्याने त्याचे स्वाभाविक स्थान तेथे आहे. लष्कराने आपल्या ताब्यातील युद्धकालीन इमारतींची, सुरक्षेला बाध न आणणारी, प्राथमिक यादी करून ती तेथे ठेवावी. ज्या पाडणे अपरिहार्य आहे, त्यांचे मोजमाप आणि छायाचित्रे पाडण्यापूर्वी घ्यावीत. नाशिकमधील वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना हे काम देखरेखीखाली देता येईल.

दुसरी जबाबदारी जिल्हा प्रशासनाची. महायुद्धकाळातील अधिग्रहणाचे आदेश, मोबदल्याची नोंदवही, फेरफार आणि भूमापनाचे नकाशे एकत्र करून त्यांचे अंकीकरण करायला हवे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हवाई दलाच्या तुकड्यांच्या रोजनिशा जपलेल्या आहेत आणि अभ्यासकांना त्या पाहता येतात. तुकडी कोणत्या दिवशी कोठे होती, हे तेथे सापडते. तिने वापरलेली जमीन कोणाची होती, हे मात्र इथल्याच तलाठी दप्तरात सापडेल. हे दोन्ही धागे जुळवल्याशिवाय कथा पूर्ण होत नाही.

तिसरी गोष्ट धोरणाची. छावणीचा नागरी भाग हस्तांतरित करण्यापूर्वी तेथील जुन्या इमारतींची वारसा यादी तयार करण्याची अट घालावी. यादीत नाव येणे म्हणजे कायमचा बंदोबस्त नव्हे. शाळा, वाचनालय, कार्यशाळा, माजी सैनिकांचे केंद्र अशा वापरांना अशा बराकी चांगल्या जमतात. लांबट, हवेशीर, एकमजली इमारतीला नवे काम देणे स्वस्तही असते.

नेवाळीसारख्या ठिकाणी मात्र आधी न्याय, मग वारसा, हाच क्रम असला पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या मनात जमीन हिरावल्याची सल आहे, त्याला धावपट्टीचे ऐतिहासिक मोल सांगणे जखमेवर मीठ चोळण्यासारखे होईल. पण त्याला न्याय द्यायचा तरी पुरावा लागेल आणि तो पुरावा गोळा करण्याचे काम वारशाच्या नोंदीहून वेगळे नाही.

महायुद्धाच्या काळात जन्मलेली पिढीही आता ऐंशी ओलांडून गेली आहे. तळाच्या कामावर खडी वाहिलेले, छावणीत दूध पोहोचवलेले, जमीन गेल्याच्या दिवशी बांधावर उभे राहिलेले लोक तर क्वचितच हयात आहेत. त्यांच्या मागे उरल्या आहेत त्या दप्तरांतील पिवळ्या पडलेल्या नोंदी आणि गवतात बुडालेले जोते. ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या विमानांचा अभिमान नाशिकने जरूर बाळगावा. त्या अभिमानाला जुन्या नोंदींचा पाया देण्याचे काम येत्या काही वर्षांतच करावे लागेल, कारण त्यानंतर नोंदवण्यासारखे फारसे उरणार नाही.